भाड्याच्या घरात, भर पावसात कागदी सजावट: आधी टांगणी, मग कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदिरानगरला भाड्याचा टू बीएचके, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचा पाचवा वाढदिवस, लहानमोठी धरून पंचवीसेक माणसं. फुगेवाल्याला बोलवायचं नाही, सगळं कागदाचं आणि घरीच करायचं. हाताशी दोन संध्याकाळी आणि हजार-बाराशे रुपये. गेल्या वर्षी निम्मं सामान केक कापायच्या आधीच खाली आलं, टेपबरोबर भिंतीचा रंग निघाला आणि घरमालकांनी ऐकवलं ते वेगळंच. म्हणून तुम्ही विचारताय, 'सोप्या आणि टिकणाऱ्या कागदी वस्तू कोणत्या कराव्यात?'

वस्तू कोणत्या हे मी शेवटी सांगणार आहे, कारण तुमची अडचण वस्तूंची नाहीच. गेल्या वर्षी तुम्ही केलेल्या वस्तू बहुधा चांगल्याच होत्या. त्या कशाला अडकवायच्या, हे ठरवायच्या आधी केल्या गेल्या, एवढंच. बारशी, डोहाळेजेवणं, वाढदिवस, गणपतीची मखरं असं कागदाचं काम मी नाशिकमध्येच बरीच वर्षं करतेय. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती, खिळे, पडद्याच्या दांड्या आणि पंखा बघते. कागद किती आणि कोणता, ते त्यानंतर. व्हिडिओंमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे फोटो निघाला की काम संपतं. तुमची सजावट मात्र संध्याकाळी पाच ते नऊ, पंखा चालू असताना, पोरांच्या धुडगुसात टिकायला हवी.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसणार नाहीत. भिंतीला डिस्टेंपर आहे की प्लास्टिक पेंट, हे पाहा. ओलं बोट फिरवल्यावर पांढुरकं लागलं तर डिस्टेंपर समजा आणि त्या भिंतीला कोणताही टेप लावायचा विचार सोडून द्या. दुसरं म्हणजे ओल. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, त्या बाजूची बाहेरची भिंत ऑगस्टमध्ये आतूनही दमट असते आणि तिथे टेप धरत नाही. प्लास्टिक पेंटची कोरडी भिंत असेल तर आधी कागदी मास्किंग टेपचा तुकडा लावायचा आणि दुतर्फी टेप त्या तुकड्यावर चिकटवायचा, थेट भिंतीवर नाही. काढताना घाई न करता, भिंतीला समांतर ओढत काढा. हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली तर गोंद मऊ पडतो आणि रंग वाचतो.

पण तुमच्या जागी मी असते तर भिंतीला हातच लावला नसता. मराठी घरात दाराच्या चौकटीला तोरणासाठी खिळे असतातच. घड्याळाचा खिळा असतो, एखाद्या फ्रेमचा असतो, खिडकीला ग्रिल असतं आणि हॉलमध्ये पडद्याची दांडी असते. फ्रेम दोन दिवस कपाटात ठेवली की तिचा खिळा मोकळा. या सगळ्या जागा कागदावर मांडा आणि त्यांच्यामध्ये दोरा कुठून कुठे जाईल ते बघा. तुमची सजावट साधारण या दोऱ्यांच्या रेषेतच बसवायची आहे.

फोटोसाठी एकच भिंत निवडा, शक्यतो पडद्याची दांडी असलेली. पडदा काढून त्या जागी एकरंगी डबल बेडची चादर सोडा. ९० × १०० इंची चादर असली तर साडेसात फूट रुंदीचा पट्टा झाकला जातो, केक आणि चार माणसं मावायला तेवढा पुरतो. दांडी उंचावर असेल तर दोन साध्या सुती साड्या शेजारी शेजारी सोडा. साडी साडेपाच मीटरची असते, दांडीवरून दुमडून सोडली की पावणेतीन मीटरची दुहेरी उंची मिळते. कागदाच्या चकत्या या कापडाला मागून सेफ्टी पिनने लावायच्या. भिंतीला काहीच लागत नाही आणि घरमालकांना बोलायला जागा उरत नाही. बुट्टेदार चादर नको, तिच्यापुढे कागद दिसेनासा होतो.

आता पंखा. पंचवीस माणसं आणि ऑगस्टचा दमटपणा असताना पंखा बंद ठेवा असं मी सांगणार नाही. छताच्या मध्यातून चार कोपऱ्यांकडे पताका नेण्याची पद्धत मात्र सोडा. पात्यांच्या जवळून गेलेला दोरा कधी ना कधी गुंडाळला जातोच. पताका भिंतीच्या कडेने, पात्यांपेक्षा खालच्या उंचीवर न्या. उभ्या लोंबणाऱ्या माळा असतील तर शेवटच्या चकतीत वजन घाला. मी दोन गोल कागदांच्या मध्ये दोऱ्याचं टोक आणि एक चिंचोका ठेवून चिकटवते. माळ सरळ राहते, गरगरत नाही.

कागदाबद्दल बोलू. कागद हवेतली ओल ओढतो. कोरड्या दिवसांत केलेली घट्ट घडी पावसाळ्यात एका रात्रीत सैल पडते, क्रेप पेपर लोंबतो आणि ओला हात लागला तर रंगही सोडतो. म्हणून या महिन्यात क्रेपच्या पिळलेल्या पट्ट्या मी टाळते. घोटीव कागद दिसायला झकास, पण त्याची मागची बाजू पांढरी असते आणि घड्यांच्या कामात ती डोकावते. पतंगाचा कागद फक्त खिडकीसाठी. संक्रांतीचा उरलेला असेल तर काळ्या कार्डशीटमध्ये आकार कापून मागे तो लावा, दिवसाच्या उजेडात छान दिसतो. बाकी सगळ्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखा रंग असलेला ए-फोर आकाराचा, ८० जीएसएमच्या आसपासचा कागद घ्या. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर हा चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा. वीस पताकांच्या दहा फुटी माळेला असे दहा कागद लागतात, एकूण ५० ग्रॅम. एवढ्याला शिवणाचा दुहेरी दोरा पुरतो, सुतळीची गरज नाही.

'जाड कागद घेतला तर जास्त टिकेल ना?' असं हमखास विचारतात. घड्यांच्या कामात उलट होतं. कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एका दिशेने पडतात. त्या दिशेने घडी सुबक बसते, आडवी घातली तर जाड कागद कडेला तडकतो आणि आतला पांढरा तंतू दिसतो. बहुतेक ए-फोरमध्ये तंतूंची दिशा लांबीला असते. शंका असेल तर कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो ज्या दिशेने नळीसारखा गुंडाळला जाईल, त्या नळीची लांबी म्हणजे तंतूंची दिशा. ८० जीएसएमला आडवी घडीही सहन होते. १८० च्या वरच्या कार्डशीटला होत नाही. ती घ्यायचीच असेल तर घडीच्या जागी पट्टी ठेवून संपलेल्या बॉलपेनने आधी दाबून रेघ ओढा, मग दुमडा.

आता वस्तू. तुम्हाला मी दोनच सांगणार आहे, घड्यांच्या गोल चकत्या आणि पताका. तिसरी, मुलीच्या नावाची पट्टी. एका भिंतीवर एकच आकार लहानमोठ्या मापात भरपूर असला की सजावट भरलेली दिसते. सात प्रकार दोन-दोन लावले तर हस्तकलेचं प्रदर्शन वाटतं.

चकतीत लोक अडकतात ते एका हिशेबात. चकतीची त्रिज्या म्हणजे तुमच्या पट्टीची रुंदी. पूर्ण वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सव्वासहा पटीहून थोडा जास्त असतो, त्यामुळे पट्टी तेवढी लांब असली तरी ती ताणून सपाट होईल आणि घड्या दिसणारच नाहीत. मधला भाग वर फुगतो तो याच कारणाने. पट्टीची एकूण लांबी रुंदीच्या साधारण दहापट धरा, घड्या खोल आणि एकसारख्या बसतात. ए-फोरला हे सोयीचं जातं. कागद लांबीत तीन पट्ट्यांत कापला तर ७ सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, त्यात १४ सेंटिमीटर व्यासाची एक लहान चकती. दोन पट्ट्यांत कापला तर साडेदहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या, म्हणजे दोन कागद, त्यात २१ सेंटिमीटरची मधली चकती. अख्खा कागद न कापता वापरला तर आठ कागदांत ४२ सेंटिमीटरची मोठी चकती, वजन ४० ग्रॅम. एक मोठी, चार मधल्या, सहा लहान: एकूण बावीस कागद. तुमच्या साडेसात फुटांना हे पुरेसं आहे.

घड्या मोजपट्टीने आखू नका, वेळ जातो आणि चूक साठत जाते. कागद न कापता आधी त्याची लांबी निम्मी करा, मग दोन्ही कडा मध्यावर आणा, मग त्यांच्याही निम्म्या, असे आठ भाग करा. या सगळ्या घड्या एकाच बाजूला पडू द्या. आता कागद उलटा करा आणि प्रत्येक घडी शेजारच्या घडीवर आणून मधली घडी घाला. दोन टोकांचे अर्धे भागही याच रीतीने. सोळा सारख्या पट्ट्या होतात, प्रत्येकी साडेअठरा मिलिमीटरच्या, आणि घड्या एक वर एक खाली आपोआप येतात. कागद सरळ करून मगच लांबीत कापा. एकदाच्या घडीकामात दोन किंवा तीन पट्ट्या तयार होतात.

जोडताना एक मेख आहे. सोळाव्या पट्टीवर पुढच्या कागदाची पहिली पट्टी ठेवायला गेलात तर उतार जुळत नाही, एक चढती आणि एक उतरती. शेवटची पट्टी कापून पंधरा ठेवा. मग शेवटची आणि पुढची पहिली दोन्ही एकाच उताराच्या असतात, एकमेकींवर चपखल बसतात आणि वर्तुळ बंद करतानाही तोच मेळ राहतो.

फेविकॉल पाण्यातला असल्याने पातळ कागदावर जास्त लागला की कागद सुरकुततो. बोटाने नको, जुन्या कार्डाच्या कडेने पातळ ओढा. पावसात वाळायला वेळही लागतो. म्हणून चकतीचा मध्य मी गोंदाच्या भरवशावर सोडत नाही. वर्तुळ बंद करण्याआधी सगळ्या घड्या एकत्र मिटून, आतल्या कडेपासून अर्धा सेंटिमीटरवर दाभणाने आरपार भोक पाडायचं, दोरा ओवायचा, मग टोकं चिकटवून दोरा घट्ट बांधायचा. गोंद सुटला तरी चकती उघडत नाही. मागून पाच सेंटिमीटरचा गोल पुठ्ठा लावून उलटी ठेवा आणि वर पोह्यांचा डबा ठेवून रात्रभर सोडा. सेफ्टी पिन नंतर या पुठ्ठ्याला टेपने बसते. पुढच्या बाजूच्या गोलासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम, कागद जाड आणि सोनेरी छपाई फुकट. फक्त त्यावरच्या गणपतीवर कात्री चालवायची नाही, हे आमच्याकडे मदतीला येणाऱ्या मुलींनाही सांगावं लागत नाही. ते तुकडे वेगळ्या डब्यात साठत राहतात.

पताकांना चकत्यांचीच मधली पट्टी वापरा, पण घड्या न घातलेली: २९.७ × १०.५ सेंटिमीटर. ती मध्यावर दोऱ्यावरून दुमडायची, आत गोंद लावून दोन्ही बाजू चिकटवायच्या आणि खालचं टोक हवं तसं कापायचं. भोकं नाहीत, त्यामुळे फाटत नाहीत आणि दोन्हीकडून रंग दिसतो. प्रत्येक पताकेनंतर साडेचार सेंटिमीटर सोडले तर दहा फुटांत वीस बसतात. दोरा थोडा झोळ देऊन बांधा. ताणून बांधला तर एक खिळा हलला की सगळी रांग हलते.

बाजारातली इंग्रजी अक्षरांची तयार पट्टी आणू नका असं माझं मत आहे, ती शंभर घरांत तीच असते. मुलीचं नाव देवनागरीत करा. आपल्या लिपीत शिरोरेखा आयतीच टांगायची दांडी आहे. २५० जीएसएमच्या कार्डशीटची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, प्रत्येक अक्षर स्वतःच्या डोक्यावरच्या तुकड्यासकट वेगळं कापा आणि पट्टीच्या मागून चिकटवा. वेलांटी आणि मात्रा पट्टीच्या वर येतात, त्या अक्षरासोबत एका तुकड्यातच कापा. सुट्या लावल्या तर त्याच आधी पडतात. उकार नाजूक असतो, त्याला जोडणीजवळ थोडी जास्त जाडी द्या. अक्षरं हाताने काढा, छापील वळण हवं असा हट्ट नको.

आणि मुलीला तिचं काम द्या. पाच वर्षांच्या पोरीला साखळीच्या कड्या सहज जमतात. ए-फोर आडवा कापला की जवळजवळ तीन सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या निघतात, ग्लू स्टिकने एकात एक कडी. वाकडीतिकडी होईल, होऊ दे. ती साखळी तिच्या उंचीवर, खिडकीच्या ग्रिलला बांधा. तिच्या मैत्रिणींना ती सगळ्यात आधी दाखवली जाईल. मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर स्टेपल पिना आणि टाचण्या मात्र ठेवू नका.

एका बाबतीत तडजोड नको. वाढदिवसाला औक्षण असणार, निरांजन मुलीच्या चेहऱ्याभोवती फिरणार, आणि केकवर हल्ली ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती असते. ज्या जागी पाट मांडणार आणि जिथे केक ठेवणार, त्यावर किंवा समोर काहीही लोंबू देऊ नका. चादरीपासून टेबल तीनेक फूट पुढे घ्या. ठिणग्यांची मेणबत्ती तर नकोच. रोषणाई हवी तर एलईडीची माळ, कागदाच्या आत जुना तापणारा बल्ब कधीच नाही.

रंगांचं थोडक्यात: एक गडद, एक फिका आणि तिसरा चवीपुरता. रंग निवडताना कागद दुकानाच्या पांढऱ्या उजेडात नका पारखू, तुमच्या हॉलमध्ये रात्री पिवळा दिवा लावत असाल तर फिका गुलाबी आणि अबोली सारखेच दिसतात. खरेदीला मेन रोड, रविवार कारंजाच्या बाजूची स्टेशनरीची घाऊक दुकानं बरी पडतात, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. ऑगस्टात राख्या आणि गणपतीच्या सामानाची गर्दी सुरू झालेली असते. रंगीत कागद, दोन कार्डशीट, फेविकॉल, मास्किंग टेप आणि पिना एवढंच आणायचं आहे, तुमच्या आकड्यात हे आरामात बसतं.

वेळेचं गणित असं. पहिल्या संध्याकाळी फक्त घड्या आणि कापाकापी, टीव्हीसमोर बसून होते. दुसऱ्या संध्याकाळी जोडणी आणि नाव. तयार झालेलं रात्री हॉलमध्ये उघडं ठेवू नका. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा झाकणाच्या डब्यात बंद करा आणि वाढदिवसाच्या दिवशी दुपारनंतर लावा, पावसाच्या बाजूची खिडकी बंद ठेवून. चादर आणि दोरे मात्र आदल्या रात्रीच बांधून ठेवा. कुठे झोळ पडतो, पंख्याचा वारा कुठे पोचतो, हे तेव्हाच कळतं आणि बदलायला वेळ असतो.

'नंतर सगळं फेकायचंच ना?' असंही तुम्ही विचारलंय. चकत्या फेकू नका. मागचा पुठ्ठा आणि पुढचा गोल काढून टोकाचा एक जोड अलगद सोडवला आणि दोरा सैल केला की त्या पंख्यासारख्या मिटतात, डब्यात उभ्या ठेवल्या की वर्षभर राहतात, वरून वजन तेवढं नको. लगेच गणपती येतातच. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हापासून मखरासाठी मी याच चकत्या वापरते: पुठ्ठ्याच्या कमानीवर मोठी मध्ये आणि लहान दोन्ही बाजूंना उतरत्या. फक्त समईपासून त्या लांब बसतील अशी कमान खोल करा.

पडद्याची दांडी किती लांब आहे आणि ती भिंतीत ठोकलेली आहे की दोन टोकांना दाबून बसवलेली, हे एकदा कळवा. दाबून बसवलेली असेल तर दोन साड्यांचं वजन तिला झेपणार नाही, चादरच घ्या.